माणसाच्या मापाचे यंत्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलावे, अशी त्यांची अपेक्षा दिसली. आम्ही मोटारसायकलीचे नाव काढताच चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहातच राहिले. हौशी तरुणांनी गाडीचे हँडल वाकवावे, टाकी रंगवावी, सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडावी. त्यात इतिहास तो काय, आणि कामगार चळवळीतल्या माणसाला त्याचे काय, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर उमटला होता. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान होय.

आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तीसएक वर्षे कामगारांत वावरताना एक गोष्ट मनात पक्की ठसली आहे. कारखान्यात यंत्र आधी येते, माणूस मागून येतो. लेथची उंची ठरलेली असते. कामगार ठेंगणा असेल तर त्याने पायाखाली फळी घ्यावी, उंच असेल तर वीस वर्षे वाकून काम करावे आणि निवृत्तीच्या वेळी पाठीचे दुखणे घरी न्यावे. यंत्राच्या मापाचे माणूस व्हायचे, असा तिथला कायदा. याच कामगाराने कामावरून सुटल्यावर, आपल्या घरामागच्या पडवीत, एखादे यंत्र आपल्या शरीराच्या मापाचे करून घेतले असेल तर त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या ज्या जड, लांब, बुटक्या मोटारसायकलीला आज ‘क्रूझर’ म्हणतात, तिचा इतिहास हा बऱ्याच अंशी असाच घडला आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. मिल्वॉकी शहरात १९०३ साली विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन या दोन तरुणांनी घरामागच्या लाकडी खोपटात गाडी बांधली. पुढे आर्थरचे बंधू वॉल्टर आणि विल्यम हेही त्यांना मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी स्प्रिंगफील्ड येथे ‘इंडियन’ कंपनी सुरू झाली होती. या दोन्ही कंपन्यांनी लवकरच दोन सिलिंडरांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे इंजिन घेतले. हार्लेच्या इंजिनात दोन सिलिंडरांमधला कोन ४५ अंशांचा ठेवलेला. असे इंजिन सांगाड्याच्या अरुंद पोटात मावते आणि कमी फेऱ्यांतच जोर धरते. मात्र त्याचे धक्के समतोल नसतात, ते सगळे सांगाड्यात आणि सांगाड्यातून स्वाराच्या हाडांत उतरतात.

अंतरे अफाट, रस्ते सरळ, पण त्या काळी बहुतेक कच्चे. गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नव्हती. चाक थेट सांगाड्याला जखडलेले. मग स्वाराचे हाल कमी कसे करायचे? हार्लेने १९१२ साली बैठकीचा दांडा सांगाड्याच्या नळीत स्प्रिंगवर बसवला. म्हणजे गाडी आपटत राहील, स्वार तेवढा वरच्यावर डोलेल. पाय ठेवायला रुंद पाट्या, हात सहज पडतील असे मागे वळलेले लांब हँडल, आणि घोड्याच्या खोगिरासारखी प्रशस्त चामडी बैठक. क्रूझरची ऐटबाज म्हणून आज वाखाणली जाणारी बैठक मुळात खराब रस्त्यावर कंबर वाचवण्याची युक्ती होती.

आता बदल कोणी आणि का सुरू केले ते पाहू. १९३४ साली अमेरिकेतल्या मोटारसायकल संघटनेने शर्यतींचा एक नवा वर्ग अमलात आणला. बाजारात मिळणारी साधीच गाडी त्यात चालत असे. मंदीचे दिवस होते. शर्यतीसाठी वेगळी गाडी ठेवण्याची ऐपत फार थोड्यांची. तेव्हा स्वार रोजच्याच गाडीचा पुढचा मडगार्ड काढी, मागचा अर्ध्यावर कापी, दिवा उतरवून ठेवी आणि शर्यतीत उतरे. वजन कमी म्हणजे वेग जास्त आणि वळण सोपे, हा हिशेब त्यात होता. घोड्याचे शेपूट आखूड कापतात त्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून अशा गाडीला ‘बॉबर’ हे नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रकाराला मोठा जोर दिला. हार्ले कंपनीने युद्धकाळात सैन्यासाठी सुमारे ९०,००० गाड्या बांधल्या. त्यांत अमेरिकी सैन्याच्या ‘डब्ल्यूएलए’ नमुन्याचा भरणा मोठा होता. तिचे इंजिन सुमारे ७४० सीसीचे. युद्ध संपल्यावर या गाड्या मोडीत स्वस्त निघाल्या, आणि त्या चालवायला, खोलायला, जोडायला शिकलेले हजारो तरुण सैन्यातून मोकळे झाले. कॅलिफोर्नियात विमानांचे आणि जहाजांचे कारखाने होते. वेल्डिंग, पत्राकाम, लेथ येणारी माणसे गल्लोगल्ली होती. युरोपात ज्यांनी हलक्या इंग्रजी गाड्या पाहिल्या होत्या त्यांना घरची गाडी म्हैस वाटू लागली. करवत चालू लागली.

याच सुमारास, १९४७ च्या जुलैत, हॉलिस्टर नावाच्या गावी भरलेल्या मोटारसायकलींच्या मेळाव्यात दंगामस्ती झाली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने बिअरच्या बाटल्यांच्या ढिगात गाडीवर बसलेल्या एका माणसाचे छायाचित्र छापले आणि साऱ्या देशात मोटारसायकलवाला म्हणजे गुंड असे समीकरण रूढ झाले. गर्दीतल्या चारजणांचे वर्तन दाखवून साऱ्या समुदायाला ओळखण्याची ही रीत आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना नवी नाही. ज्या दिवशी मोर्चा शांततेने पार पडतो, त्या दिवशी छायाचित्रकार फिरकत नाही.

कंपन्यांचेही डोळे उघडे होते. हार्लेने १९४९ साली पुढच्या चिमट्यात तेलाचे दट्टे घातले आणि १९५८ साली मोठ्या गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर दिले. म्हणजे गाडीच्या जन्मापासून ५५ वर्षांनी मोठ्या गाडीचे मागचे चाक सांगाड्यापासून सुटले! ‘इंडियन’ला तो दिवस दिसला नाही, तिचे उत्पादन १९५३ साली बंद पडले. पण कंपनीची गाडी वर्षागणिक जड होत गेली. मोठे मडगार्ड, मोठा दिवा, पेट्या, काचेचा पडदा. आणि जितकी ती जड झाली, तितकी पडवीतली करवत जोरात चालली. १९६० च्या दशकात ‘बॉबर’चा ‘चॉपर’ झाला.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. इस्पितळातल्या ढकलगाडीचे फिरते चाक आपण पाहिले असेल. ते ज्या खुंटीवर फिरते तिच्या जरा मागे जमिनीला टेकते. म्हणून गाडी ढकलली की चाक आपोआप सरळ होते. मोटारसायकलीचे पुढचे चाक याच नियमाने चालते. चिमटा ज्या आसावर फिरतो तो उभा नसतो, मागे कललेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या पुढे पडते. हे अंतर जितके जास्त, तितकी गाडी सरळ रस्त्यावर स्थिर. परंतु तितकीच ती वळायला हट्टी, आणि हळू चालवताना पुढचे चाक एका बाजूला कोसळू पाहते. अंतर फार कमी झाले तर गाडी वळायला चपळ होते, पण वेगात हँडल थरथरू लागते आणि स्वाराचे काही चालत नाही.

चॉपर बांधणाऱ्याने काय केले? चिमटा लांबवला आणि सांगाड्याची मान कापून अधिक मागे कलती केली. गाडी लांब झाली, पुढचे चाक दूर गेले. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ती बाणासारखी जाई. गावातल्या चौकात मात्र वळताना स्वाराची त्रेधा उडे. पुष्कळांनी मागची स्प्रिंग काढून जुना, जखडलेला सांगाडा पुन्हा आणला, कारण त्याची रेषा सुंदर दिसे. कित्येकांनी पुढचा ब्रेकही काढून टाकला. हे तर सरळ वेड होय. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. माकडाने फांदीला लटकावे तसे हात वर करून धरायचे उंच हँडल आले. तासाभरात खांदे भरून येत, हातांना मुंग्या येत. ज्या करवतीने आरंभी स्वाराचे काम सोपे केले, तिनेच आता देखाव्यासाठी स्वाराला छळले.

आम्ही कामगारांची बाजू घेणारे आहो म्हणून त्यांच्या हातून झालेली चूक झाकणार नाही. पण ही चूक समजून घेतली पाहिजे. दिवसभर ज्याच्या हाताला एकच नट पिळण्याचे काम आहे, त्याला संध्याकाळी असे काहीतरी करावयाचे असते की जे पाहून रस्त्यावरची माणसे थांबतील. सुखासाठी माणूस जितके करतो, तितकेच तो ओळखीसाठी करतो.

आणि ओळखीचा विषय निघाला म्हणून या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. १९६९ साली ‘ईझी रायडर’ नावाचा चित्रपट निघाला. डेनिस हॉपर दिग्दर्शक, पीटर फोंडा निर्माता, आणि दोघे मिळून नायक. दोन तरुण चॉपरवर बसून अमेरिका ओलांडतात. सुमारे ४ लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने कोट्यवधी मिळवले. त्यातली एक गाडी, टाकीवर अमेरिकेचा राष्ट्रध्वज रंगवलेली, जगातली सर्वांत ओळखीची मोटारसायकल झाली. तिची चित्रे जगभर खोल्यांच्या भिंतींवर लागली.

ती गाडी बांधली कोणी? चित्रपटाच्या नामावळीत उत्तर नाही. लॉस एंजेलिस पोलिसांच्या वापरून झालेल्या हार्ले गाड्या लिलावात घेतल्या गेल्या. त्या जमवण्याचे आणि गाड्या घडवून घेण्याचे काम क्लिफ वॉन्स यांनी पाहिले. बांधणी मुख्यतः बेन हार्डी या कारागिराच्या दुकानात झाली. दोघेही काळे. हार्डी यांचे काम दक्षिण लॉस एंजेलिसच्या वस्तीत चाले. त्याच भागातल्या वॉट्स येथे १९६५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसी वर्तनावरून भडका उडून ३४ माणसे मेली होती. वॉन्स हे तर नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते. दक्षिणेत विद्यार्थ्यांच्या संघटनेबरोबर त्यांनी काम केले होते. काळ्या स्वारांची परंपराही त्या किनाऱ्यावर जुनी. ओकलंड येथे ‘ईस्ट बे ड्रॅगन्स’ हा त्यांचा क्लब १९५९ मध्येच स्थापन झाला होता आणि कापून घडवलेल्या हार्ले गाड्या ही त्याची ओळख होती.

दोन नायकांसाठी प्रत्येकी दोन अशा चार गाड्या होत्या. एक चित्रपटाच्या शेवटी मोडली. उरलेल्या तीन चित्रपट पडद्यावर येण्याआधीच चोरीस गेल्या. मोडलेलीच दुरुस्त केलेली गाडी म्हणून एक गाडी २०१४ साली लिलावात आली, तेव्हा तिच्यावर १३ लाख ५० हजार डॉलरांची बोली लागली. ती खरी की खोटी यावर मोठा वाद झाला. गाडी अस्सल आहे की नाही याची एवढी चौकशी! तिच्या कारागिरांची चौकशी मात्र कितीतरी वर्षे कोणी केली नव्हती. बेन हार्डी १९९४ साली वारले. त्यांचे आणि वॉन्स यांचे नाव ग्रंथांतून आणि माहितीपटांतून नीट सांगितले जाऊ लागले ते या शतकात. वॉन्स यांना ते पाहायला मिळाले. २०१६ साली ते गेले.

मंडळी, आम्ही अनेक कारखान्यांची उद्घाटने पाहिली आहेत. कोनशिलेवर मंत्र्याचे नाव असते, अध्यक्षाचे असते, कधीकधी ठेकेदाराचेही असते. छपराच्या कैच्या ज्याने वर चढून जोडल्या त्याचे नसते. हार्डींची गोष्ट वाचताना आम्हांस परदेशची गोष्ट वाचतो आहोत असे वाटले नाही.

यापुढचा भाग लवकर सांगून होईल. जी गोष्ट पडवीत घडली तिला बाजारात मागणी आहे, हे कंपन्यांनी ओळखले. हार्ले कंपनी १९६९ साली एएमएफ या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली. संस्थापकांपैकी विल्यम डेव्हिडसन यांचे नातू विली डेव्हिडसन हे तिथे गाड्यांच्या रूपरचनेचे काम पाहात आणि स्वारांच्या मेळाव्यांत जाऊन त्यांच्या गाड्या न्याहाळीत. त्यांनी मोठ्या गाडीचा सांगाडा व इंजिन घेऊन त्याला हलक्या ‘स्पोर्टस्टर’चा चिमटा लावला, ही १९७१ ची ‘सुपर ग्लाइड’. १९७७ साली बुटकी ‘लो रायडर’ आली, १९८० मध्ये टाकीवर ज्वाळा रंगवलेली ‘वाइड ग्लाइड’. स्वाराने जे करवतीने केले ते आता कारखान्यातून बिलासकट मिळू लागले.

जपान्यांनीही तेच केले. कावासाकीने १९७६ साली अमेरिकेतल्याच लिंकन येथील कारखान्यात ‘एलटीडी’ नावाची, मागे वळलेल्या हँडलाची गाडी जुळवली. स्पर्धा इतकी वाढली की १९८३ साली अमेरिकी सरकारने ७०० सीसींवरच्या आयात गाड्यांची जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. तोवर हार्लेच्या अधिकाऱ्यांनी १९८१ साली कंपनी परत विकत घेतली होती.

या काळातला एक शोध मात्र मुद्दाम सांगतो, कारण सुख आणि देखावा यांचे भांडण त्याने मिटवले. सेंट लुइस येथील बिल डेव्हिस या अभियंत्याने स्वतःच्या खटपटीने अशी रचना केली की, सांगाडा दिसायला जुना, जखडलेला. पण मागचे चाक हलते आणि त्याचे दट्टे दिसत नाहीत. कंपनीने ती रचना विकत घेतली आणि १९८४ साली ‘सॉफ्टेल’ या नावाने बाजारात आणली. तिच्या शॉकॲब्सॉर्बरांची जोडी गाडीच्या पोटाखाली आडवी लपवलेली होती. बाहेरच्या माणसाची कल्पना, पण येथे मोल दिले गेले आणि नावही राहिले. म्हणजे असे करता येते. करणाऱ्याची इच्छा पाहिजे.

आपल्या भागाशी या कथेचा धागा जुळतो तोही सांगतो. कावासाकीच्या ‘एलिमिनेटर’ नावाच्या क्रूझरची एक लहान आवृत्ती पुण्याच्या बजाज कंपनीने २००१ मध्ये काढली आणि तीतूनच २००५ साली १८० सीसीची ‘ॲव्हेंजर’ आली. बुटकी बैठक, पुढे पाय, मागे वळलेले हँडल: मिल्वॉकीच्या कच्च्या रस्त्यांवरून निघालेली ही बसण्याची रीत शंभर वर्षांनी आपल्या रस्त्यांवर पोहोचली.

आम्ही स्वतः एक जुनी, दुसऱ्या हातची गाडी घेऊन वर्षानुवर्षे या फाटकावरून त्या फाटकावर फिरलो. पाठ दुखू लागली, तेव्हा आम्ही वयाला दोष दिला. औद्योगिक वसाहतीतल्या एका फिटरने आम्हांस गाडीवर बसवले, लांब उभे राहून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही गाडी चालवत नाही, गाडीला लोटांगण घालता.” त्याने हँडल सैल करून थोडे मागे फिरवले, बैठकीखालचा दबलेला फोम बदलला, मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग आमच्या वजनाला बेतली आणि टायरची हवा मोजली. करवत नाही, वेल्डिंग नाही. पाठदुखी बरीच उतरली. पैसे विचारले तर म्हणाला, “फोमचे द्या. बाकी तर पान्याचे काम.” त्या पान्याच्या कामाला लागणारी नजर कमवायला त्याला किती वर्षे लागली असतील, याचा हिशेब त्याने केला नाही. आम्ही मात्र केला, आणि मजुरी त्याच्या खिशात कोंबूनच निघालो.

त्या फिटरने जो क्रम धरला तोच शहाणपणाचा आहे. आधी बैठक, हँडल आणि पाय यांचा मेळ. मग स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक. रंग आणि चकाकी सर्वांत शेवटी. यात कायद्याचेही भान हवे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत निर्णय दिला, की निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. मान कापणे, सांगाडा बदलणे हा खेळ रस्त्यावरच्या गाडीशी करावयाचा नाही. ज्यांना हे जाचक वाटते त्यांनी पुढचा ब्रेक काढून टाकलेल्या गाड्यांची आठवण ठेवावी. रस्ता एकट्या स्वाराचा नसतो. समोरून शाळेतले पोरही येत असते.

पण गाडीला जे करता येत नाही ते कारखान्यात करता येते, आणि आमचे खरे सांगणे तेच आहे. ज्या लोकांनी घरामागच्या पडवीत स्प्रिंग, दांडा आणि बैठक यांचा मेळ आपल्या हाडांशी घातला, तेच लोक दिवसा दुसऱ्याच्या यंत्रापुढे वाकून उभे होते. त्यांना अक्कल नव्हती म्हणून ते वाकले नाहीत. त्यांना कोणी विचारले नाही म्हणून वाकले. आमच्या मागण्यांच्या यादीत पगार आणि बोनस यांच्या खाली कोठेतरी ‘बसण्याची सोय’ असे एक कलम असते. वाटाघाटीच्या टेबलावर ते पहिल्या अर्ध्या तासात सोडून दिले जाते. आम्हीही ते अनेकदा सोडले आहे, हे आज आपल्यासमोर कबूल करतो. या वर्षीच्या यादीत ते कलम आम्ही वर घेतले आहे, आणि प्रत्येक यंत्रावर बसणाऱ्याला स्वतः विचारून त्याचे माप लिहून घेण्याचे काम चालू आहे. मापापुढे प्रत्येकाचे नावही लिहितो आहोत.